हिरवळीतला उंबरा

लातुरात क्लास चालला की माणूस आधी मोठी गाडी घेतो, मग दोन एकर रान. माझा नवरा वीरभद्र फिजिक्स शिकवतो. सगळं शहर त्याला व्ही.बी. सर म्हणतं, त्यामुळं घरीही तो सरच असतो. सरांनी घेतलेलं रान औशाच्या पुढं, एका जुन्या गावाच्या कडेला. ते गाव त्र्याण्णवच्या भूकंपात बसलं. सरकारनं नवं गाव कोसभर लांब वसवलं, आणि जुन्या जागी वेड्या बाभळी तेवढ्या उरल्या.

"शांतता बघ किती आहे," सर म्हणाले.

दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही रोज सकाळी तिथं जायचो, दिवेलागणीला परत. दोन खोल्या बांधून झाल्या होत्या. राहिलं होतं ते सरांच्या भाषेत 'ब्युटिफिकेशन': पेव्हर ब्लॉक, झोका, सिमेंटचं हरीण आणि लॉन. ऑक्टोबरचं ऊन, शेजारच्या रानात सोयाबीनचं मळणीयंत्र भुसा उडवतंय, आणि सर हाफ पँट घालून काळ्या मातीत गवत जोपासतायत. हरणाचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा होता. तरी त्याच्यासोबत फोटो काढून झाला.

मी लिंबाखाली बाजेवर बसून साडेतीन वर्षांच्या गिरिजावर नजर ठेवायचे. विंचू, साप, बोअरचा खड्डा. बघत राहणं हेच माझं काम. म्हणून ते मला दिसलं.

गिरिजा लॉनवरून सरळ धावत नव्हती. हरीण दहा पावलांवर, पण ती डावीकडं वळायची, कडेकडेनं जायची, काटकोनात फिरायची. एका ठरावीक जागी पाय उंच उचलून पलीकडं टाकायची आणि मधोमध जाऊन बसायची. बाहेर येतानाही तिथंच पाय उचलायची.

उंबरा ओलांडतात तसा.

आमच्या फ्लॅटला उंबरा नाही.

खेळ असेल म्हणून मी दोन दिवस सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी ती चालली तिथं तिथं मी चुन्याची फक्की टाकत गेले. संध्याकाळी बाजेवर उभं राहून पाहिलं. दोन अरुंद खोल्या, मध्ये बोळ, पूर्वेला दार. साडेतीन वर्षांच्या पोरीला अजून चौकोन काढता येत नाही.

मग मी महेबूब मिस्त्रीकडं पाहिलं. नव्या गावातला साठीचा माणूस, पेव्हरचं काम त्याच्याकडं. डोक्यावर सिमेंटचं घमेलं घेऊन तोही त्या रेघांना वळसा घालून जात होता. रेघा नव्हत्या तेव्हाही तसाच जायचा, हे मला तेव्हा आठवलं.

"मिस्त्री, सरळ का जात नाही?"

"असं कुणाच्या घरातून आरपार जात असतेत का, ताई?"

अडाणी माणूस, म्हणून मी सोडून दिलं. पण सरांना सांगितलंच.

"शिल्पा, तू एम.एस्सी. आहेस ना?" सर म्हणाले आणि पाइप घेऊन सगळा चुना धुऊन काढला.

शेवटचं काम दाराच्या कडीचं होतं.

"कडी मी बसवत न्हाई, सर," महेबूब म्हणाला. "दुसरा माणूस बघा."

"का हो?"

"आमच्या नव्या गावात बऱ्याच दारांना कडीच न्हाई. सुतळीनं बांधून घेतो."

"आणि चोर आला म्हणजे?"

"येऊ द्या की. आतल्याला भाईर येता आलं पायजे. त्या पहाटं लई जणांला अंधारात कडी सापडली न्हाई."

तो बाजूला गेल्यावर सर म्हणाले, "सरकारनं ह्यांना घरं दिली. अक्कल तेवढी द्यायची राहिली."

मी हसले. खरं सांगते, मीही हसले.

सरांनी स्वतः ड्रिल मशीन घेतलं. बाहेरच्या बाजूनं कडी बसवली, दार ओढलं आणि लावून बघितली.

खट्.

लॉनवर गिरिजा उठून उभी राहिली.

"आई, दार लागलं."

तिच्या चारी बाजूंनी मोकळं रान होतं.

"ये बाळा, बाहेर ये."

"कडी काढ ना."

सरांनी हसत नव्या दाराची कडी काढली, दार सताड उघडलं. "हे बघ, उघडलं. ये."

ती आली नाही. दोन्ही तळवे पुढं करून ती काहीतरी ढकलत होती. बोटांची टोकं दाबून पांढरी पडली होती.

मी धावले. दंड धरून तिला ओढलं, पण ती बाहेर येईना. ती किंचाळली. कोपर सोललं होतं आणि रक्ताला पांढरी माती चिकटली होती. आमचं सगळं रान काळं आहे. पांढरी माती जुन्या घरांच्या छतावर, माळवदावर घालायचे.

गिरिजा खोकायला लागली. धूळ घशात गेल्यासारखी. तिला श्वास पुरेना.

"ताई," महेबूब पेव्हरच्या कडेला उभा होता. पुढं आला नाही. "भाईरून लागली. भाईरूनच काढावी लागंल. उजव्या अंगाला, वर."

नवरा बघत होता. हवेत हात घालायची मला लाज वाटली.

हाताला गार लोखंड लागलं.

मी काढली.

गिरिजा पाय उंच उचलून बाहेर आली आणि मला बिलगली. मग तिनं मागं वळून पाहिलं आणि माझा पदर ओढला.

"आई, बाजूला हो. वाट दे."

आम्ही बाजूला उभ्या राहिलो. पलीकडं महेबूबनं डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला होता. मळणीयंत्र बंद झालं, माणसं घरी गेली, तरी ती मला हलू देईना.

परत येताना गाडीत सर माझ्याच मनाचे खेळ मला समजावून सांगत होते. कोपराचं ते बोललेच नाहीत.

तिसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये शिरल्यावर ते नेहमीसारखे दार लावायला वळले.

"बाबा, कडी लावू नका," गिरिजा म्हणाली. "ते चालत यायलेत."

'यायलेत' असं आमच्या घरात कुणीच बोलत नाही.

सर वर्गात हसतात तसं हसले. कडीवरचा हात त्यांनी काढला नाही. "बरं. कितीजण आहेत म्हणे?"

गिरिजा मांडी घालून बोटं मोजायला बसली. एक हात संपला. दुसरा संपला.

मग तिनं माझा हात ओढून घेतला आणि करंगळीपासून सुरुवात केली.