अवघडणाऱ्यांचा सिनेमा

शर्वाणी पेडणेकरच्या चित्रपटाला जनजागृतीचा पहिला पुरस्कार मिळाला. हे वाक्य आपण वाचलंच नाही असं धरून चालू. शर्वाणीही तसंच धरून चालते.

चित्रपट गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर होता. म्हणजे सुरुवातीला होता. सरकारी सभागृहांत हल्ली ‘मनधरणी’ नावाची प्रणाली असते. खुर्चीचा हात प्रेक्षकाची नाडी मोजतो. लोक अवघडले, की पडद्यावरचं दृश्य तिथल्या तिथे कापलं जातं. नाडी शांत असेल, तर लांबवलं जातं. कापलेलं पुढच्या गावात दिसत नाही.

गावोगाव फिरून चित्रपट शर्वाणीच्या कुंदामावशीच्या गावी आला, तेव्हा पडद्यावरची डॉक्टर म्हणाली, “वयाच्या तिशीनंतर प्रत्येक बाईने.” आणि गप्प बसली. मुलींच्या लशीचा प्रसंग तर पहिल्याच गावात गेला होता. उरली होती आरोग्य केंद्राच्या अंगणातली शेळी. चित्रीकरणात ती चुकून शिरली होती. आता ती तासभर पाला खात होती.

“ही मनधरणी बंद कर ना,” शर्वाणी यंत्र चालवणाऱ्या अस्लमच्या कानात म्हणाली.

“करतो की. प्रेक्षकांना अस्वस्थ केलं म्हणून तुमचा परवाना जाईल आणि माझी नोकरी. आधी कुणाचं घालवू?”

मावशी पुढेच बसली होती. पाळी कायमची जाऊन चार वर्षं झाली, आणि आता पुन्हा रक्त दिसत होतं. फोनवर सांगतानाही तिने ‘ते’ एवढंच म्हटलं होतं. तपासून घे म्हटल्यावर म्हणाली होती, “तुझा सिनेमा बघते, मग ठरवू.”

खेळ संपला. टाळ्या पडल्या.

“शेळीनं काम झकास केलंय गो,” मावशी म्हणाली.

“मावशी, उद्या तपासणीला जाऊया. पाच मिनिटांचं काम.”

“कसली तपासणी?”

शर्वाणीने सांगितलं. सगळं, स्पष्ट शब्दांत. मावशीने आजूबाजूला पाहिलं आणि तिचा हात दाबला.

“एवढं गरजेचं असतं तर सिनेमात दाखवलं नसतंस का, बाय? तूच केलायस ना?”

शर्वाणीने कापलेली दृश्यं परत मागितली. उत्तर आलं: प्रेक्षकांची एकही तक्रार नसल्याने विषय बंद. मावशी रोज ‘उद्या बघू’ म्हणत होती. आता कुणाला लिहावं हे न कळून शर्वाणीने नुसतं ‘प्रति, संबंधित’ असं लिहून अर्ज केला:

“मावशींचे मन वळवण्यास आणखी काही अवधी लागणार आहे. तरी सदर आजारास तोपर्यंत ‘जैसे थे’ राहण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.”