एक, तीन, चार, दोन

आबांच्या लॉन्चचं इंजिन मोजूनमापून जेवत होतं आणि तरीही आजारी होतं. हे कोडं मला अकराव्या वर्षी पडलं. ते सोडवायला मी मदत केली हे खरं, पण त्याआधी मीच ते आणखी अवघड करून ठेवलं होतं, हेही तितकंच खरं.

आबा म्हणजे माझे आजोबा, वामन शेलार. तीस वर्षं त्यांनी पुण्यात इंजिनांवर संशोधन केलं आणि निवृत्त झाल्यावर गावी येऊन कोयनेच्या फुगवट्यावर (धरणामुळे मागे साठलेल्या पाण्यावर) दवाखान्याची लॉन्च चालवायला घेतली. डॉक्टरीणबाई आणि औषधं घेऊन ती काठावरच्या सात वस्त्यांना जायची. साल होतं २०५४. बाकी सगळीकडे विजेच्या बोटी आल्या होत्या, पण एवढ्या लांबच्या फेरीला पुरेल अशी आबांच्या गावी अजून आली नव्हती. म्हणून ही जुनी, चार सिलिंडरची लॉन्च शेतातल्या काडीकचऱ्यापासून बनवलेल्या पेट्रोलवर धावत होती.

धावत होती म्हणजे, आचके देत होती. मी सुट्टीत आबांकडे गेले होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तिच्या धुराची तपासणी होती. नापास झाली तर लॉन्च बंद, आणि आबांनी पुण्याला आमच्याकडे राहायला यायचं, असं आईबाबांनी ठरवून टाकलं होतं. आबांचं तोंड एवढंसं झालं होतं. मला मात्र आतून गुदगुल्या होत होत्या. ते मी कुणाला सांगितलं नाही.

त्या दुपारी आबांनी इंजिनाचे चारही स्पार्क प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारे भाग) काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले आणि चष्मा आणायला घरात गेले. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला मदत करावी. मी फडकं घेतलं आणि चारही प्लग घासूनपुसून लख्ख केले.

आबा आले आणि बघतच राहिले.

"आगं केतके, पुसलेस व्हय सगळे?"

"हो! आता चमकतात बघा."

"चमकत्यात की. लग्नाला निघालेत चौघं." आबा मटकन खाली बसले आणि हसायला लागले. हसून झाल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. प्लगचा रंग म्हणजे सिलिंडरची जीभ. डॉक्टर जीभ बघतो, तसं ते रंग बघणार होते. चहासारखा तपकिरी असेल तर तब्येत उत्तम. काळा असेल तर पेट्रोल जास्त होतंय, पांढराफटक असेल तर कमी पडतंय. आणि पुन्हा रंग चढायला इंजिन दोन-तीन दिवस तरी चालवावं लागतं.

"पूर्वी नुसत्या आवाजावरनं सांगायचो, कुठला सिलिंडर बिघडलाय ते," आबा कानातल्या यंत्राला हात लावत म्हणाले. "आता ह्यातनं सगळं सारखंच ऐकू येतंय."

मला रडूच यायला लागलं. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी मनात आलं, झालं! आता आबा येणार आपल्याकडे. असं वाटल्याची मला भयंकर लाज वाटली.

आबांनी प्लग परत बसवून इंजिन सुरू केलं. इंजिनावर एक छोटा संगणक होता. आबा त्याला कारकून म्हणायचे.

"काय कारकून, जेवण कसं चाललंय?"

"एकास पावणेपंधरा. प्रमाण योग्य आहे," कारकून म्हणाला. तिकडे लॉन्च गदागदा हलत होती.

"एकास पावणेपंधरा म्हणजे?" मी विचारलं.

"एक किलो पेट्रोल पुरतं जळायला जवळजवळ पावणेपंधरा किलो हवा लागती. हवा कमी पडली, तर पेट्रोल अर्धवट जळतं न् विषारी धूर होतो. पेट्रोल कमी पडलं, तर ताकद जाती न् इंजिन आचके देतं."

"मग कारकुनाला कसं कळतं किती पडलं ते?"

धूर बाहेर जाणाऱ्या नळीत एक संवेदक (जाणीव करून देणारा भाग) होता. जळून झाल्यावर प्राणवायू किती उरला, ते तो सांगायचा. प्राणवायू जास्त उरला, की पेट्रोल कमी पडलं असं समजून कारकून ते वाढवायचा.

"पण नळी तर एकच आहे, आबा. चौघांचा धूर एकत्रच येतो ना?"

"येतो की."

मी विचारात पडले. आमच्या शाळेत खिचडी झाली, की उरलेली एकाच डब्यात ओतून वजन करतात. त्यावरून उद्या सगळ्यांना किती वाढायची ते ठरतं. पण कुणी पोटभर खाल्लं आणि कुणी उपाशी राहिलं, हे त्या डब्याला काय कळणार?

मी हे सांगितलं, तेव्हा आबांनी कपाळावर हात मारला. "आरं तिच्या! तीस वर्षं मी दुसऱ्यांना हेच शिकवलं न् माझ्याच इंजिनापुढं इसरलो. एकाचा फवारा (पेट्रोल उडवणारं तोंड) तुंबला असणार. तो उपाशी. त्याचा प्राणवायू उरतो. कारकून काय करतो? सगळ्यांनाच जास्त वाढतो! म्हणजे तिघांना अजीर्ण, न् उपाशी तो उपाशीच. सरासरी मात्र झकास."

"पण तो कोण?"

"फवारे तपासायचं यंत्र पुण्यात हाय. इथं काय..." आबा थांबले. "थांब. चौघं एकदम धूर सोडत न्हाईत. पाळीपाळीनं सोडतात. एक, तीन, चार, दोन. पुन्हा एक, तीन, चार, दोन. कारकून, सरासरी बंद. दर फुंकरीचा प्राणवायू वेगळा दाखव!"

पडद्यावर उंचवट्यांची रांग उमटली. तीन उंचवटे बुटके आणि एक उंच, पुन्हा तीन बुटके आणि एक उंच. उंच तो उपाशी! पण त्याचा नंबर कोणता? धुराला नळीतून यायला वेळ लागतो, त्यामुळे आत्ता दिसतेय ती फुंकर कुणाची, हे सांगता येईना.

"आबा, आपण एकाला मुद्दाम जास्त वाढलं तर? नंबर एकला. मग त्याचा उंचवटा बदलेल, आणि तो कुठला ते कळेल!"

आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि कारकुनाला तसा हुकूम सोडला. नंबर एकला चमचाभर लाड मिळाला आणि एक बुटका उंचवटा आणखी खाली बसला. त्याच्या लगेच पुढचा होता तो उंच.

"एकच्या पुढं कोण?" आबांनी विचारलं.

"तीन!" मी ओरडले.

आबांनी कारकुनाला तीनचा फवारा थोडा जास्त वेळ उघडा ठेवायला आणि बाकीच्यांचा वाढीव घास काढून घ्यायला सांगितलं. हळूहळू चारही उंचवटे एका उंचीला आले. लॉन्चचं हलणं थांबलं.

सकाळी तपासनीस बाईंनी नळीत यंत्र धरलं, आकडे पाहिले आणि कागदावर 'पास' लिहिलं. डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. मी रडत होते. सगळ्यांना वाटलं, आनंदानं.

आबांना तसं वाटलं नाही. सगळे गेल्यावर ते माझ्याशेजारी येऊन बसले.

"दर रविवारी मी फोनवर इचारतो, सगळे बरे ना? तुझी आई म्हणती, सगळे मजेत. मीबी कारकूनच की गं." त्यांनी माझा हात हातात घेतला. "केतके, तू कशी हायेस?"

मग मी सगळं सांगितलं. दादाची बारावी, आईबाबांची कामं, संध्याकाळी टेबलावर माझं एकटीचं ताट. आणि लॉन्च नापास व्हावी असं मला वाटत होतं, तेही सांगितलं.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तरी दुरुस्त केलीस." आणि मला जवळ ओढून घेतलं. त्यांच्या सदऱ्याला पेट्रोलचा वास येत होता. त्याच दिवशी ते आईशी फोनवर पुष्कळ वेळ बोलले. आता संध्याकाळी टेबलावर निदान दोन ताटं असतात.

पुढच्या वर्षी लांब पल्ल्याची विजेची लॉन्च येणार आहे. तिच्या बॅटरीत दोनशे सेल आहेत, आणि प्रत्येकाला वेगवेगळं विचारावं लागेल, असं आबा म्हणतात. ते काम त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवलंय.

तोवर दर रविवारी आमच्याकडे फोन येतो. घरात आई नंबर एक, दादा दोन, मी तीन आणि बाबा चार. आबा क्रम चुकवत नाहीत. आईचं बोलून झालं, की फोन माझ्या हातात येतो.

"बोला, नंबर तीन. पोट भरतंय का?"

आणि मी खरं काय ते सांगते.