मार यझ्दीनांची साक्ष

कल्याणच्या खाडीवर अजून धुके रेंगाळत होते. दुर्गाच्या बुरुजांना पहिले ऊन लागले, भेरी दुमदुमली आणि खाली धक्क्याला लागलेल्या पारसिक तारवांच्या डोलकाठ्या एकेक करून उजळू लागल्या; परंतु बंदरालगतच्या वस्तीत, जळून कोळसा झालेल्या प्रार्थनामंदिराच्या चौथऱ्यावर उभ्या असलेल्या वृद्ध धर्माध्यक्षांच्या मुद्रेवर त्या प्रकाशाचा लवलेशही नव्हता. समुद्रापलीकडून येऊन या किनाऱ्यावर स्थिरावलेल्या ख्रिस्ती व्यापाऱ्यांचे ते गुरू. लोक आदराने त्यांना मार यझ्दीन म्हणत. ‘आमच्या अपराध्यांना आम्ही क्षमा केली आहे’ या शब्दांपाशी त्यांची सकाळची प्रार्थना आजही अडखळली होती.

तो अपराधी कोण, हे त्यांना ठाऊक होते. दंडनायक स्कंदभट! वस्तीत शत्रूची शस्त्रे दडविली आहेत या संशयाने त्याने दिवेलागणीला मंदिर पेटविले आणि वेदीवरचा क्रूस बाहेर काढण्यासाठी धावलेला उपाध्याय साबा त्यात होरपळून मेला. साबा म्हणजे मार यझ्दीनांच्या विधवा बहिणीचा एकुलता एक पुत्र. ज्वाळांच्या उजेडात मशाल हाती घेतलेल्या स्कंदभटाचा चेहरा त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

आणि त्याच दिवेलागणीला, दुर्गातील उद्यानात, महासामंत सोमवर्म्यांच्या पाठीत कोणीतरी कट्यार खुपसली. त्यांचा धाकटा बंधू रणवर्मा दुसऱ्याच दिवशी गादीवर बसला आणि हत्येचा आळ त्याने स्कंदभटावर घातला, कारण सेना त्या एकट्याच्या शब्दात होती. स्कंदभट म्हणाला, “त्या वेळी मी प्रार्थनामंदिर जाळीत होतो.” बरोबरच्या सैनिकांनी प्राणभयाने तोंडे शिवून घेतली. साक्षीला उरले एक मार यझ्दीन.

“गुरुवर्य,” व्यापाऱ्यांचा श्रेष्ठी फर्रुखान चौथऱ्याशी येऊन हात जोडून म्हणाला, “रणवर्म्यांचा निरोप आहे. नवे मंदिर, तेही दगडी, ते बांधून देणार आहेत. आपण खोटे काही सांगायचे नाही. धुरात चेहरा ओळखू आला नाही, एवढेच म्हणायचे.”

“पण ओळखू आला होता, फर्रुखान.”

“मग साबाला न्याय नको?”

मार यझ्दीनांच्या मनात तोच प्रश्न कितीतरी दिवस निखाऱ्यासारखा जळत होता. ‘पाहिले नाही’ या दोन शब्दांत सारे साधणार होते. हात वर न उचलता सूड! त्यांना स्वतःचीच भीती वाटली. ते दुर्गाची वाट चढू लागले.

सभामंडप गच्च भरला होता. सम्राटांनी न्यायासाठी धाडलेले वयोवृद्ध प्राड्विवाक धर्मगुप्त उच्चासनी होते. शेजारी रणवर्मा, समोर शृंखलाबद्ध स्कंदभट.

“धर्माध्यक्ष,” धर्मगुप्त म्हणाले, “आपल्या देवाला स्मरून सांगा, त्या दिवेलागणीला दंडनायक कोठे होते?”

रणवर्मा मंद हसला. “आर्य, वृद्धांची दृष्टी... शिवाय धूर दाट होता म्हणतात.”

मार यझ्दीनांनी स्कंदभटाकडे पाहिले. त्या डोळ्यांत याचना नव्हती. आपले मरण ठरून गेले आहे, एवढेच होते.

“धूर दाट होता,” ते सावकाश म्हणाले, “पण ज्वाळा त्याहून मोठ्या होत्या. दंडनायक माझ्यासमोर उभे होते. मशाल त्यांच्याच हाती होती. माझा भाचा आत ओरडत होता, तेही त्यांनी ऐकले. छप्पर कोसळेपर्यंत ते तेथून हलले नाहीत. महासामंतांचे रक्त या हातांवर नाही, आर्य. साबाचे आहे.”

रणवर्म्याचा हात खड्गाच्या मुठीवर गेला, आणि सम्राटांच्या रक्षकांकडे दृष्टी जाताच खाली आला. स्कंदभटाने मात्र आयुष्यात प्रथमच भर सभेत मान खाली घातली.

एकाच साक्षीने त्याला हत्येतून सोडविले आणि अग्निकांडात अडकविले. दंडनायकपद काढून घेऊन त्याला देशाबाहेर घालविण्यात आले. खरा मारेकरी कोण, हे सारे नगर जाणून होते. पुरावा कोणापाशीच नव्हता. धर्मगुप्त परतताच रणवर्म्याने वस्तीची भूमी जप्त केली आणि मार यझ्दीनांना पहिल्या तारवाने निघून जाण्याची आज्ञा दिली. फर्रुखान आणि इतर व्यापारी निरोपालाही आले नाहीत.

आली ती एकटी मरियम, साबाची आई. तिने आशीर्वादासाठी मस्तक लवविले नाही. धक्क्यावर ताठ उभी राहून ती म्हणाली, “दादा, मी त्याला क्षमा केलेली नाही.”

तारवाच्या फळीवर ठेवलेले पाऊल मार यझ्दीनांनी मागे घेतले.

“मीही नाही, मरियम,” ते म्हणाले. “मी फक्त खोटे बोललो नाही.”

तिने त्यांच्या खांद्यावरून घसरलेली शाल नीट केली आणि मागे न पाहता साबाच्या थडग्याकडे चालू लागली. नाखव्याने दोर सोडला.