मदतनीस क्रमांक चार

दुपारी सव्वाबाराला प्राण्यांच्या डॉक्टरांची वेबसाइट बंद पडली, आणि त्यामुळे त्या दोघांची ओळख झाली.

वेबसाइट तिने बनवलेली होती. अशा सात-आठ छोट्या वेबसाइट ती एकटी सांभाळायची. शिवणक्लास, रोपवाटिका, गाडी शिकवणारी शाळा, असली साधी माणसं तिची गिऱ्हाइकं. वेबसाइट बनवली की ती कुठल्यातरी सतत चालू असणाऱ्या यंत्रावर ठेवावी लागते. ती यंत्रं होती एका लहानशा होस्टिंग कंपनीची, बसने चार तासांवरच्या शहरात. काही बिघडलं की पडद्यावर उघडणाऱ्या, कंपनीच्या मदतीच्या खिडकीत लिहायचं, पलीकडून उत्तर येतं.

त्या दिवशी उत्तर आलं, ‘नमस्कार, मी मदतनीस क्रमांक चार.’

ती आधीच वैतागलेली. तिने लिहिलं, ‘माणूस आहात की यंत्र?’

पलीकडे थोडा वेळ काहीच हललं नाही. मग अक्षरं उमटली, ‘माणूस. यंत्राने विचार करायला इतका वेळ लावला नसता.’

ती एकदम हसली, आणि आपल्याच हसण्याने दचकली. या खोलीत शेवटचं कधी हसलो होतो, ते तिला आठवेना.

जुन्या नोंदी साठून साठून यंत्रावरची जागा भरली होती. त्याने दहा मिनिटांत ती मोकळी करून दिली. ‘आणखी काही मदत हवी आहे का?’ असं ठरलेलं वाक्य आलं, तिने नाही म्हटलं, आणि खिडकी मिटली. मग पुन्हा तीच खोली, तोच कॉम्प्युटरचा पंखा, आणि दाराशी एकट्या पडलेल्या तिच्या चपला.

तशी तिला माणसं नव्हती असं नाही. आई दादा-वहिनीकडे होती, दर रविवारी फोन करायची. जेवलीस का, बारीक झालीस का, स्वतःची काळजी घे. तेवढं झालं की दोघींकडचं बोलणं संपायचं, पण फोन ठेवायला कुणीच तयार नसायचं. बाकी आठवडाभर तिचा आवाज कुणाच्या कानी पडत नसे. वेबसाइट नीट चालते आहे हे सांगायला कोण फोन करतं?

म्हणून ती कामं काढू लागली. कधी बॅकअपबद्दल विचार, कधी ईमेलबद्दल. खिडकी उघडताना दुसराच क्रमांक आला तर काहीतरी निमित्त सांगून ती बंद करायची आणि पुन्हा उघडायची. चार नंबर थोडं थोडं बोलायचा. तो बसायचा ती जागा यंत्रांच्या खोलीला लागून, त्यामुळे त्याला बारा महिने स्वेटर लागायचा. बाहेर पाहायला एकही खिडकी नव्हती.

‘आज तुमच्याकडे काय चाललंय बाहेर?’ एकदा त्याने विचारलं.

‘पाऊस... आणि माझ्या चादरी वाळत घातल्यात.’

‘मग आधी चादरी आत घ्या. मी आहे इथेच.’

ती धावत गच्चीवर गेली. भिजलेल्या चादरी कवटाळून परत आली, तेव्हा तो खरंच थांबलेला होता. कुणीतरी आपल्यासाठी थांबलंय, एवढ्याशा गोष्टीने ती हातातल्या ओल्या चादरी खाली ठेवायचंच विसरली. वेडेपणाच सगळा.

पण विचारायचे प्रश्न संपत आले. आणि एका मंगळवारी तिने नको ते केलं. रोपवाटिकेच्या वेबसाइटमधल्या एका फाइलचं नाव स्वतःच बदललं. वेबसाइट बंद पडली. मग साळसूदपणे त्याला लिहिलं, ‘बघा ना, काय झालंय...’ त्याने पाच मिनिटांत दुरुस्त केलं. त्यानंतर अर्धा तास दोघं बोलत होती. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी तिने डॉक्टरांच्या वेबसाइटला हात लावला.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. एका आजोबांच्या कुत्र्याने उंदराचं औषध खाल्लं होतं. तातडीचा नंबर शोधायला त्यांनी वेबसाइट उघडली, ती उघडेना. शेवटी ते कुत्र्याला छातीशी धरून पायीच निघाले आणि धापा टाकत दवाखान्यात पोहोचले.

“वाचलं कुत्रं,” डॉक्टर म्हणाले. “पण असं परत होऊ देऊ नका, ताई.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ती तशीच बसून राहिली. पुढ्यातलं ताट झाकून ठेवलं. कुठल्याशा अनोळखी म्हाताऱ्याची धाप तिला ऐकू येत होती, आणि ती आपण स्वतःच्या हाताने घडवली होती, कशासाठी, तर दोन शब्द बोलायला मिळावेत म्हणून.

सकाळी उठून ती दवाखान्यात गेली आणि डॉक्टरांना खरं ते सांगितलं. बिघाड नव्हता, मीच केलं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, हे काम आता दुसऱ्या कुणाला देतो. तिने मान हलवली, सगळे पासवर्ड कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवले आणि घरी आली. मग तेच सगळं, कुत्र्यासकट, तिने खिडकीत लिहिलं. एका दमात, एक शब्दही न खोडता.

‘मला माहीत होतं,’ उत्तर आलं. ‘कुणी कधी काय बदललं, ते इथे दिसतं. तिन्ही वेळा तुमचंच नाव होतं.’

तिचे कान तापले. ‘मग बोलला का नाहीत?’

तो लिहितोय हे दाखवणारे तीन ठिपके पडद्यावर नाचले, थांबले, पुन्हा नाचले.

‘बोललो असतो तर तुम्ही ओशाळून यायच्या बंद झाल्या असता... चूक माझीही आहे. कुत्र्याचं ऐकून मला कसंतरी होतंय.’

त्यानंतर दोघं शहाण्यासारखी वागली. काम असेल तरच खिडकी, काम संपलं की बंद. दिवस लांबच लांब झाले.

महिन्याभरात कंपनीचं पत्र आलं. एका मोठ्या क्लाउड कंपनीने ही छोटी कंपनी विकत घेतली होती. तीस तारखेपर्यंत सगळ्या वेबसाइट नव्या जागी हलवायच्या. तिथे जागा हवी तेवढी, वेग भरपूर, फक्त मदतीची खिडकी नाही. अडचण आली तर फॉर्म भरायचा, यंत्र उत्तर देईल. मदतनीसांचं काम त्याच संध्याकाळी संपणार होतं.

आता मात्र काम खरंच होतं. रोज एक वेबसाइट दोघांनी मिळून हलवली. तो पायऱ्या सांगायचा, ती करायची. पण कुणीच घाई करत नव्हतं. तीस तारखेला दुपारी शेवटची, रोपवाटिकेची वेबसाइट नव्या जागी उघडली. फुलांचे फोटो एकेक करून दिसू लागले.

तिने लिहिलं, झालं. त्याने लिहिलं, हो, झालं. त्याने पुढे सांगितलं की टेबलाचा खण रिकामा केलाय, स्वेटर पिशवीत भरलाय. आणि मग, सवयीने की मुद्दाम कोण जाणे, ते ठरलेलं वाक्य आलं. ‘आणखी काही मदत हवी आहे का?’

तिने ‘नाही’ लिहिलं आणि खोडलं. मग तिने लिहिलं, ‘हो. तुमचा आवाज ऐकायचाय.’

‘गिऱ्हाइकाला फोन करायची परवानगी नाही आम्हाला,’ त्याने लिहिलं. खिडकी मिटायच्या आत आणखी एक ओळ आली, ‘सहापर्यंत मी कंपनीचा माणूस आहे.’

तिचा नंबर तिने बनवलेल्या प्रत्येक वेबसाइटच्या तळाशी होता. त्याला तो केव्हाच पाठ झाला असणार. सहा वाजले. ती फोनपासून लांब जाऊन बसली, परत जवळ आली. सहा वाजून चार मिनिटांनी फोन वाजला.

पलीकडे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज. मग एक घोगरा, घाबरलेला श्वास.

“मी... चार नंबर.”

“बोला ना.”

“काय बोलू... लिहिताना खोडता येतं. महिनाभर तेच करतोय.” मग तो एका दमात म्हणाला, “मला तुम्ही आवडता. हे आता खोडता येणार नाही.”

तिने फोन कानाशी इतका दाबून धरला की कान दुखायला लागला. मग ती हळूच म्हणाली, “नका खोडू.”

तो हसला असावा.

“उद्या मला ऑफिस नाही,” तो म्हणाला. “सकाळची बस आहे...”

“अकराला पोहोचते,” ती म्हणाली, आणि हे आपल्याला कसं ठाऊक, याची तिची तिलाच लाज वाटली.

फोन ठेवल्यावर तिने खोलीभर नजर फिरवली. पुस्तकं, तारा, घड्या न घातलेले कपडे. आणि बसायला खुर्ची एकच. या खोलीतल्या दोन वर्षांत दुसरी कधी लागलीच नव्हती. तिने केस नीट केले आणि समोरच्या बिऱ्हाडाची बेल वाजवली. दार उघडणाऱ्या काकूंशी ती आजवर कधी धड बोललीही नव्हती.

“काकू, उद्यापुरती एक खुर्ची मिळेल का?”

काकूंनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. “कुणी यायचंय वाटतं?”

“हो,” ती म्हणाली. “माझ्याकडे यायचंय.”