मिसनानचा डाव

२०११ सालचा ऑगस्ट. सुमात्राकडच्या आगींचा धूर क्वालालंपूरवर उतरला होता आणि रमजानचा सत्ताविसावा रोजा सुटायला थोडाच वेळ होता. म्हातारा तामरीन बांबूत शिजवलेला लेमांग भात काखोटीला मारून लेकीच्या घरी निघाला होता. आयुष्यभर लॉरी चालवलेला माणूस. लिफ्टवर त्याचा विश्वास नव्हता, पण घर अकराव्या मजल्यावर.

इमारतीचं नाव ‘केतापांग रेसिडन्सी’. हे नाव द्यायला केतापांगचं झाड तोडावं लागलं होतं. तामरीनचं लहानपण त्याच झाडाखाली गेलं. समोर मैदान, मैदानापलीकडे कथिलाच्या खाणीचं पाण्याने भरलेलं तळं, काडेपेटीत पाळलेले झुंजीचे कोळी. आता त्या जागी जमिनीच्या पोटात तीन मजले गाड्या उभ्या होत्या.

“अबाह, उशीर केलात,” लेक रोहाया म्हणाली.

“तुझ्या लिफ्टने केला.”

“लिफ्ट बरी आहे. तुमचाच पाय आत पडत नसेल.”

तो खाली बसला आणि कोयत्याने बांबू चिरू लागला. सात वर्षांची नात, दामिया, शेजारी येऊन टेकली.

“तोक, खालच्या पार्किंगमध्ये एक मुलगा असतो. आम्ही लपंडाव खेळतो. राज्य सारखं त्याच्यावरच.”

“बावळट असेल.”

“नाही हो. त्याला सगळं दिसतं. पण माझं नावच ठाऊक नाही, मग इस्टॉप कसा करणार? तुम्हीच सांगितलंत ना, सांजवेळी अनोळखी माणसाला नाव सांगायचं नाही, हाक मारणारा दिसला नाही तर ओ द्यायची नाही.”

“त्याचं नाव काय?”

“मिसनान.”

कोयता अर्ध्या बांबूत थांबला.

साठ वर्षांपूर्वीची सांज. राज्य मिसनानवर होतं. त्याने झुडपामागचा तामरीन बरोबर हेरला, ‘इस्टॉप’ म्हणून नाव घेतलं. आता राज्य तामरीनचं. तेवढ्यात मगरिबची बांग झाली आणि तामरीनची आई वेताची छडी घेऊन आली. कान धरून तिने त्याला घरी नेलं. मिसनान झाडाला टेकून ओरडत राहिला, “डाव घेतल्याशिवाय मी जाणार नाही!” तो गेलाच नाही. गावाने तीन रात्री पातेली बडवत त्याला शोधला. तळ्याने काही परत दिलं नाही.

“अबाह, पोरीचं काय ऐकता?” रोहाया हसली. “रमजानात भुतं बांधलेली असतात.”

“भुतं असतात. मुलं नाहीत.”

दामिया तेवढ्यात उठून बाहेर गेली होती. दारापाशी सणाचा दिवा ठेवलेला होता, तो लावायला.

“दामियाऽऽ! आधी हात धू!” रोहायाने हाक मारली.

हाक जिन्याच्या पोकळीत घुमत खाली गेली. विरली. मग खालून, फार खालून, कुणीतरी ते नाव हळूच म्हणून पाहिलं.

“दा... मि... या...”

दामियाने दिवा खाली ठेवला. “तोक, आता कळलं त्याला.”

तामरीन उठला. “हिला आत घे. दार लाव. कुणीही हाक मारो, ओ द्यायची नाही.”

“अबाह, बांग व्हायला आली! तुम्ही कुठे...”

“माझा खजूर ठेव.”

तो जिन्याने उतरला. मजल्यामजल्यावर बंद दारांआड ताटं मांडल्याचे आवाज, नारळाच्या दुधाचा वास. मग दारं संपली, आवाज संपले. शेवटच्या पायरीला पेट्रोलचा वास यायला हवा होता. ओल्या चिखलाचा आला.

एकच ट्यूब लुकलुकत होती. गाड्यांच्या रांगा, खांब, धुरकट अंधार. तामरीन खांबाआड गेला नाही. मधोमध उभा राहिला.

“मिसनान,” तो म्हणाला, “त्या पोरीचं नाव घेऊ नकोस. आधीचा डाव बाकी आहे.”

मग डाव्या हाताला, गाड्यांमागे, पाणी निथळल्याचा आवाज.

“तामरीन... इस्टॉप.”

आवाज दहा वर्षांच्या मुलाचा होता. माणूस दिसत नव्हता. सांजवेळ होती. साठ वर्षं त्याने अशा हाकेला ओ दिली नव्हती, पोराबाळांना देऊ दिली नव्हती. वर कुठेतरी बांग सुरू झाली.

“ओ,” तामरीन म्हणाला. “सापडलो.”

पाठीवर एक लहान, गार तळवा टेकला. सदरा भिजला. त्याने मागे पाहिलं नाही. समोरच्या खांबावर कपाळ टेकलं, डोळे मिटले आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली.

मागे अनवाणी पावलं पळाली. ती वर जाणाऱ्या वाटेकडे गेली नाहीत. खाली गेली, खाली, आणखी खाली. तिथे खाली मजलाच नव्हता.

तामरीनने विसापर्यंत मोजलं. डाव फिटला.