डुकरीण खडकापलीकडचं पाणी

प्रेत झाकोत नावाच्या म्हातारीला सापडलं. शेवाळ गोळा करायला ती सगळ्यांच्या पुढे, डुकरीण खडकाच्याही पलीकडे गेली होती. तिथल्या चिखलात तिचं दाताळं एका गोणीला अडकलं, गोणी फाटली आणि आतून बाईचा हात बाहेर आला.

ऑब्रे पोचला तेव्हा खेकड्यांनी आपलं काम बरंचसं उरकलं होतं. सेंत-बार्ब या फ्रेंच बंदराचा हा न्यायाधीश राजाच्या काळात तपास करायचा आणि क्रांतीनंतरही तोच करत होता, कारण चोर दोन्ही राज्यांत सारखेच निघाले. मेलेल्या माणसांचं त्याला नवल राहिलं नव्हतं. चौकातल्या गिलोटिनने वर्षभरात त्याची नजर मारून टाकली होती. पण चिखलातला निळा मखमली झगा त्याने ओळखला.

ही मादाम द कूर्सी होती. तीन आठवड्यांपूर्वी ती नातवाला घेऊन निसटली होती. तिला सारंगाने सोडवलं होतं.

सारंग कुणाला माहीत नव्हता? तोंडावर मुखवटा, टोपीत पिसारा, कमरेला तलवार. भर बाजारातून घोडा फेकत तो दोनदा गेला होता आणि जाताजाता कमिशनरच्या खिडकीत टवाळीच्या कविता टाकून गेला होता. गिलोटिनच्या तोंडचे घास काढून तो समुद्रापार इंग्रजांच्या जर्सी बेटावर पोचवतो, असं गाव म्हणे. तटाच्या पहाऱ्याचा कप्तान व्हर्नो दोनदा त्याच्याशी लढला, दोन्ही वेळा हरला आणि दंडावर वार घेऊन आला. तेव्हापासून कोळणीसुद्धा कप्तानाची टर उडवत.

सारंगाला पकडायचं काम दोन महिने ऑब्रेकडे होतं आणि तो मोठ्या निष्ठेने नको तिथे शोधत होता. त्याची बहीण पेरिन ही मठातली जोगीण. सरकारी शपथ घ्यायला तिने नकार दिला होता आणि आता ती त्याच्याच घराच्या माळ्यावर कांद्यांच्या राशीमागे लपून होती. उद्या संध्याकाळी सारंग तिला न्यायला येणार होता.

पेरिनचा त्याच्यावर विश्वास बसला तो एका चाकामुळे. मादाम आणि तिचा सहा वर्षांचा नातू तिबो आधी याच माळ्यावर लपले होते. बेटावर सुखरूप पोचलो की माझ्या लाकडी घोड्याचं चाक काढून पाठवीन, असं त्याने निघताना पेरिनला कानात सांगितलं होतं. आठवड्याने ते लाल चाक माळ्याच्या खिडकीतून आत येऊन पडलं. पेरिन ते उशाशी घेऊन झोपायची.

ऑब्रे चिखलात गुडघ्यावर बसला. झग्याची कडा उसवलेली होती, कापून नव्हे, सावकाश, टाका टाका काढून. बायका हिरे शिवून ठेवतात तीच जागा. गोणीत दगड होता आणि तोंड कातडी पट्ट्याने आवळलं होतं. खाऱ्या पाण्यात कातडं? कुठल्याही कोळ्याने दोरी वापरली असती.

"झाकोत, हे तुला बंदराजवळच्या वाळूत सापडलं," तो म्हणाला.

"वाळूतच सापडलं," म्हातारी म्हणाली. "दुसरं काही बोलले तर माझ्या जिभेला खेकडा लागो."

शेवाळाच्या गाडीत, शेवाळाखाली घालून त्यांनी मादामला गावात आणलं.

कमिशनर रुसेल पॅरिसहून आलेला. व्हिनेगरचा रुमाल हुंगत तो कालवं खात होता. मेलेली बाई कोण, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. त्याने ओझान नावाचा नावाडी आदल्याच दिवशी तुरुंगात टाकला होता. सारंगाला होडी लागते, ओझानकडे होडी आहे, एवढा पुरावा त्याला पुष्कळ होता. उद्या संध्याकाळपर्यंत मला सारंग हवा, मग तो कोण ते तू ठरव, असं म्हणून त्याने पुढचं कालव उघडलं. ऑब्रेला त्या कालवांचीही किळस आली आणि त्या माणसाचीही.

तुरुंगात त्याने ओझानला एकच प्रश्न केला.

"या खाडीत एखादी वस्तू कायमची बुडवायची, तर कुठे टाकशील?"

ओझान हसला. बेड्या वाजल्या. "या खाडीत? ही माझ्या सासूसारखी आहे, नागरिक. आज गप गिळेल आणि वर्षातून दोनदा, सगळ्या गावासमोर, ओकून दाखवेल. त्यापेक्षा मी परसात पुरेन."

"तू सारंग आहेस का?"

"असतो तर मला इथे ढेकूण चावले असते?"

तिथून तो पहाऱ्याच्या चौकीत गेला. व्हर्नो तलवार पुसत बसला होता. तिशीचा, देखणा गडी, समुद्रापासून दूर दिजोंच्या द्राक्षमळ्यांतला. भर थंडीत इथे नेमणूक होऊन आलेला. त्याने दारूचा पेला पुढे केला. क्रांतीनंतर अहोजाहो बेकायदा झालं होतं, सगळेच नुसते 'नागरिक', त्यामुळे वयाने वीस वर्षं मोठ्या माणसालाही तो बेधडक अरेतुरे करायचा.

"देवळातला सेंत बार्ब संतिणीचा पुतळा बुडवायचा आहे," ऑब्रे म्हणाला. "म्हाताऱ्या तो पुनःपुन्हा शोधून काढतात आणि मेणबत्त्या लावतात. कुठे टाकू म्हणजे सापडणार नाही?"

"डुकरीण खडकापलीकडे," व्हर्नो लगेच म्हणाला. "मी स्वतः दोरी सोडून मोजलंय. पुरत्या ओहोटीलासुद्धा तीन पुरुष पाणी असतं तिथे."

"कधी मोजलंस?"

"आल्या आल्या. तटाच्या समुद्राकडच्या दिंडी दरवाजाची किल्ली माझ्याकडे, मग बाहेर काय आहे ते मला नको ठाऊक?"

"हवंच की," ऑब्रे म्हणाला. त्याने पेला ओठाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अख्खं सेंत-बार्ब टोपल्या आणि दाताळी घेऊन समुद्रात उतरलं. दिवसरात्र समान होतात त्या सुमाराचं उधाण. भरती तटाच्या पायऱ्या चढून येते आणि ओहोटीला समुद्र असा मागे हटतो की जणू परत यायचाच नाही. उधाणाच्या दुसऱ्या दिवशी तो पहिल्या दिवसापेक्षाही आत जातो. सारंग दाखवतो, असं सांगून ऑब्रेने कमिशनरला आणलं, कप्तानाला आणलं आणि बेड्यांसकट ओझानलाही आणलं.

व्हर्नो आधी ऐटीत चालत होता. डुकरीण खडक कोरडा दिसला तेव्हा त्याची चाल मंदावली. खडकापलीकडेही नुसता चिखल पसरलेला पाहून तो थांबलाच. समोर चार गोण्या पडल्या होत्या.

"पुढे चल, नागरिक," ऑब्रे म्हणाला. "तुझं तीन पुरुष पाणी कुठे गेलं ते बघू."

गाव भोवती जमलं. ऑब्रे त्यांच्याकडे पाहून बोलू लागला. मादाम बेटावर पोचलीच नव्हती, पण पोचल्याची खूण, पोराच्या घोड्याचं चाक, मात्र आली होती; कुणाकडे, ते त्याने सांगितलं नाही. म्हणजे खूण पाठवणारा हात आणि गोणी आवळणारा हात एकच. मादामला वाटेत दुसऱ्या कुणी मारलं असतं, तर खुणेची गोष्ट त्याला कळली नसती. पोराने ती विश्वासाने सांगितली आपल्या तारणहाराला. तेव्हा खुनी म्हणजे खुद्द सारंग.

"मग सारंग कोण? इथला माणूस नव्हे. इथलं शेंबडं पोरही या खाडीत पाप लपवायला येणार नाही, कारण हे उधाण त्याने पाहिलेलं असतं. ज्याने हे पाणी फक्त थंडीत मोजलं, त्यालाच ते खोल वाटलं. हे मला त्याने काल आपल्या तोंडाने सांगितलं."

"कप्तान तर त्याच्याशी लढला," कमिशनर म्हणाला.

"कुणी पाहिलं? लोकांनी खणखणाट ऐकला. दोन हातांत दोन तलवारी घेऊन एकटा माणूसही तेवढा आवाज करू शकतो. सारंग बाजारातून गेला तेव्हा कप्तान कुठे होता? दोन्ही वेळा त्याच्या पाठलागावर. दोघांना एकत्र कुणी पाहिलंय का?"

ऑब्रे गोण्यांकडे वळला.

"दिंडीची किल्ली याच्याकडे. होडीत बसवून, जहाज येईल म्हणून यांना खडकापर्यंत न्यायचा. आणि हे पट्टे बघा. सैन्याचे आहेत. दर्याचा सारंग म्हणवणाऱ्याला एक गाठ मारता येत नव्हती."

व्हर्नोचा चेहरा क्षणभर उतरला. माळ्यावरच्या जोगिणीचं नाव घेतलं, तर तारणहाराचं सोंग तिथेच संपलं असतं. मग एकाएकी त्याने टोपी काढली, छाती पुढे केली आणि बाजारात ऐकू यायचा त्याच आवाजात म्हणाला, "होय, मीच सारंग. राजाचा विजय असो."

गर्दीतल्या काही म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. एका बाईने क्रूसाची खूण केली. कमिशनरचे डोळे चमकले. सारंग पकडला म्हणून लिहून घे, असं त्याने सोबतच्या कारकुनाला फर्मावलं. पॅरिसला खुनी पाठवून काय मिळणार? सारंग पाठवला तर बढती. एकाला हुतात्मा व्हायचं होतं, दुसऱ्याला मोठं व्हायचं होतं आणि दोघांचं छान जमलं होतं. ऑब्रेला वाटलं, आपण इथेच ओकणार. त्या गोण्यांच्या वासाने नव्हे, या दोघांच्या.

तो सगळ्यात लहान गोणीपाशी गेला. पट्टा त्याने स्वतः सोडला. आत काय असेल ते त्याला ठाऊक होतं. पोराला त्याने झाकूनच ठेवलं आणि नुसता लाकडी घोडा बाहेर काढला. घोड्याला तीन चाकं होती. खिशातून लाल चाक काढून त्याने चौथ्या खुंटीवर बसवलं. ते बरोबर बसलं. मग घोडा चिखलावर ठेवून तो बाजूला झाला.

पहिली टोपी झाकोतच्या म्हाताऱ्या भावाने परत डोक्यावर घातली. मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी.

"लिही," ऑब्रे कारकुनाला म्हणाला. "व्हर्नो. चोर आणि खुनी. सारंग नावाचा कुणी नव्हता."

कमिशनर काहीतरी बोलणार होता. पण भोवतीच्या बायकांच्या हातांत दाताळी होती आणि वारा कुठून वाहतो ते त्याला लवकर कळायचं. त्याने रुमाल नाकाला लावून मान हलवली.

संध्याकाळी पेरिन माळ्यावर गाठोडं बांधून बसली होती. चाक कुठे गेलं, असं तिने विचारलं. ऑब्रेने तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती रडली नाही. तिने गाठोडं सोडायला घेतलं. ऑब्रेने तिचा हात धरला आणि गाठोडं राहू दे म्हणाला.

खाली उतरून तो ओझानच्या घरी गेला. दुपारीच सुटलेला नावाडी उंबऱ्यात बसून सुजलेली मनगटं चोळत होता.

"जर्सीला जायला किती माणसं लागतात वल्ह्यांवर?" ऑब्रेने विचारलं.

ओझानने त्याच्याकडे वर पाहिलं. न्यायाधीशाचे मऊ हात पाहिले आणि पलीकडे दिसणारी त्याच्या माळ्याची बंद खिडकीही पाहिली.

"दोन. पण माझ्या या मनगटांत अजून जोर नाही."

"मग एक मी. जोर मी लावतो, तू वाट दाखव."

"न्यायाधीशाला वल्हं मारता येतं?"

"गाठ तरी मारता येते," ऑब्रे म्हणाला.