केल्पच्या रानातली हाक

सकाळी सात वाजता नाबोर आणि एलादिओ यांनी एरेंदिरा गावच्या वाळूवरून आपापल्या कयाक होड्या पाण्यात ढकलल्या, त्या बांगडे पकडायला. खायला नव्हे. बाहेरच्या खोल पाण्यातला मोठा हुरेल मासा लागतो तो जिवंत बांगड्यालाच, म्हणून आधी हे आमिष गोळा करायचं. रोजचंच काम. पण हिवाळ्यात एलादिओच्या छातीत कळ येऊन गेली होती, त्यामुळे त्याची बायको चोले आज पाण्यापर्यंत मागे मागे आली.

"कोंपाद्रे, यांना नजरेआड करू नका हं," ती नाबोरला म्हणाली. एलादिओ नाबोरच्या मुलीचा धर्मपिता. तिच्या बाप्तिस्म्यापासून ही मंडळी पुरुषाला कोंपाद्रे, बाईला कोमाद्रे म्हणत आणि मानानं बोलत.

"त्यापेक्षा मला त्यांच्या कयाकला बांधूनच टाक ना!" एलादिओ हसला.

"कोमाद्रे, जसे नेतोय तसे आणून देतो," नाबोरनं छातीठोकपणे सांगितलं.

केल्पचं, म्हणजे तळापासून उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाचं, रान किनाऱ्यापासून फार लांब नाही. तिथे नांगर लागत नाही. तळातून वर आलेला केल्पचा एखादा चिवट देठ ओढून मांडीवर घेतला की होडी जागची हलत नाही. दोघांनी तेच केलं आणि बारीक गळांच्या माळा खाली सोडल्या. गळांवरच्या पांढऱ्या पिसांना भुलून बांगडे भराभर लागू लागले. नाबोर एकेक बांगडा ओल्या हातानं, जपून सोडवून होडीच्या कडेला टांगलेल्या भोकाभोकांच्या नळीत टाकत होता. मेलेल्या आमिषाकडे हुरेल ढुंकूनही बघत नाही.

मग धुकं आलं. दहा हातांवर बसलेला एलादिओ बघता बघता पुसला गेला.

"कोंपाद्रे, आहात ना?" नाबोरनं हाक मारली.

"आहे... इकडे या. इथे बांगड्यांची नुसती झुंबड आहे."

नाबोरनं देठ सोडला आणि आवाजाच्या दिशेनं वल्हं मारलं. दहा हात झाले, पन्नास झाले, तरी एलादिओ काही दिसेना.

"इकडे या..." आवाज तेवढ्याच अंतरावरून आला.

खडकावरच्या समुद्रसिंहांची एरवी न थांबणारी ओरड बंद पडली होती. वापरात नसलेल्या विहिरीसारखा वास पाण्यातून वर येत होता. आणि नळीतल्या बांगड्यांची फडफड थांबली होती. मेले की काय म्हणून त्यानं वाकून पाहिलं. सगळे जिवंत होते, पण नळीच्या मागच्या टोकाला एकमेकांना चिकटून बसले होते.

तेवढ्यात एलादिओ दिसला. त्याचं वल्हं आडवं ठेवलेलं होतं आणि तरी त्याची कयाक सावकाश गोल गोल फिरत होती. केल्पच्या देठाचे तीन वेढे त्याच्या मांड्यांवर पडले होते.

"किती हाका मारता, कोंपाद्रे!"

एलादिओचे ओठ जेमतेम हलले. "मी तोंडच उघडलेलं नाही... परत जा."

"छातीत दुखतंय का?"

"कुठेच दुखत नाही. तेच तर..." त्यानं मांड्यांवरच्या वेढ्यांकडे पाहिलं. "आपण बांगड्याला गळ कुठे टोचतो? नाकाच्या शेंड्याला. मरू नये... पोहत राहावा म्हणून."

"इकडे या!" एलादिओच्याच आवाजात कुणीतरी मजेत म्हणालं. एलादिओचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

नाबोरनं कमरेची सुरी काढली होती, हे खरं. चार हात पुढे जाऊन तो देठ कापायचा, एवढंच करायचं होतं. पण ते चार हात त्याच्याच्यानं ओलांडवेनात. "मदत घेऊन येतो," तो पुटपुटला आणि त्यानं कयाक वळवली. स्वतःची किळस येत होती, तरी हात वल्हं मारायचे थांबले नाहीत.

वाळूवर चोले उभीच होती.

"हे कुठे आहेत?"

"आहेत... तिथेच आहेत. मी मोटरबोट घेऊन जातो, कोमाद्रे."

"एकटे?" ती म्हणाली आणि सरळ पाण्यात शिरली. नाबोरनं धावत जाऊन तिचा दंड धरला. गुडघाभर पाण्यात दोघं तशीच उभी राहिली.

धुक्यातून आवाज आला. शांत, धीर देणारा.

"कोमाद्रे, घाबरू नका. मी यांच्यापाशीच आहे."

आवाज नाबोरचा होता.

चोलेनं धुक्याकडे पाहिलं, मग दंड धरून उभ्या असलेल्या नाबोरच्या तोंडाकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. 'मी इथे आहे, हा मी आहे' असं त्याला सांगायचं होतं, पण त्यानं नुसती तिच्या दंडावरची पकड घट्ट केली. तिनं त्याची बोटं एकेक करून दंडावरून सोडवली.

"आले, कोंपाद्रे," ती म्हणाली, धुक्याकडे तोंड करून.